शेजारचा रकाना

मिसळ सुटी सुटी खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चाकणहून आमच्या कंपनीकडे वळताना फाट्यावर एक पत्र्याच्या शेडचं हॉटेल आहे. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बुधवारी सकाळी सगळे जरा सैल असायचे आणि आमचा क्वालिटी विभाग तिथे नाश्त्याला जायचा. आमचे साहेब हॉटेलच्या मालकाला सांगायचे, "मटकी वाटीत द्या. फरसाण बशीत. कट वेगळा, कांदा वेगळा, लिंबू वेगळं." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मालक पळी हातात धरून तसाच उभा राहिला.

"आवं सायेब, मंग तिला मिसळ कशापायी म्हनायचं?"

"काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा," साहेब म्हणाले. "मी काय काय खातोय ते मला कळलं पाहिजे."

पुढे पुढे साहेब लांबून दिसले की मालक आपणहून वाट्या मांडायला लागला. त्या वाट्यांसमोर साहेब ताठ बसायचे, एकेक संपवत जायचे, आणि शेवटी पाव कोरडाच खायचे. आम्ही शेजारी बसून आपापली तर्री भुरकत त्यांच्याकडे बघत राहायचो.

आमची कंपनी म्हणजे गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसवर, डाय म्हणजे साच्यात दाबून काढणारी, मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारी, ना लहान ना मोठी. साहेब तिथे क्वालिटीचे प्रमुख. वयाने रिटायर झालेले, पण त्यांच्यावाचून अडतं म्हणून दर मार्चमध्ये वर्षाची मुदतवाढ मिळणारे. मी डिप्लोमा करून नवीच लागले होते. संत तुकाराम नगरातून निघायचं, नाशिक फाट्याला कंपनीची बस धरायची आणि दिवसभर साहेबांच्या टेबलाशेजारी संगणक घेऊन बसायचं. पाठीमागे त्यांना सगळे कॉलमसाहेब म्हणायचे. हे नाव प्रेसवरच्या बालाजीने ठेवलेलं. तोंडावर मात्र नुसतं साहेब. मीही इथे तेवढंच म्हणणार आहे. खरं नाव घातलं तर ते म्हणाले असते, "नाव हा वेगळा रकाना आहे."

रकाना हा शब्द त्यांचाच. आम्ही कॉलम म्हणायचो. त्यांची नोकरी पट्टीने रेघा मारलेल्या रजिस्टरांवर सुरू झाली होती, त्यामुळे एक्सेल त्यांना फारसं नवं वाटलं नसावं. रेघा आयत्या मिळाल्या एवढंच. त्यांचा नियम एकच होता. एका रकान्यात एक गोष्ट. आमच्यातल्या कुणी कधी शीर्षक सुंदर दिसावं म्हणून दोन चौकटी जोडून एक केल्या, तर ते काही बोलायचे नाहीत. फक्त चेहरा असा करायचे की जणू वरणात केस सापडलाय. मग गुपचूप त्या चौकटी सोडवून ठेवायचे.

माझं रोजचं काम फोडाफोडीचं होतं. सुपरवायझर लोक शिफ्ट संपली की ग्रुपवर एक ओळ टाकायचे. 'तीन नंबर प्रेस डायला चीर माल थांबला बहुतेक पत्रा कडक आलाय.' मशीन, बिघाड, नुकसान आणि अंदाज सगळं एका दमात. सकाळी त्या ओळी एक्सेलमध्ये चिकटवायच्या आणि वेगवेगळ्या रकान्यांत घालायच्या. त्यासाठी बटण असतं हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. साहेबांनी शिकवलं. मजकुराचा कॉलम निवडायचा, कुठे तोडायचं ते सांगायचं, स्वल्पविरामावर की मोकळ्या जागेवर, आणि एका ओळीचे तुकडे भराभर उजवीकडे जाऊन बसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला इतकी मजा वाटली की मी मैत्रिणींच्या वाढदिवसांची यादीही फोडून पाहिली.

मग लवकरच व्हायचं ते झालं. मी एका सकाळी घाईत मोकळ्या जागेवर फोडायला सांगितलं. एक्सेलने मध्ये काहीतरी विचारलं, मी न वाचता ओके दाबलं आणि फाइल सेव्ह करून चहाला गेले. उजवीकडच्या कॉलममध्ये साहेबांनी स्वतः तपासून लिहिलेली बिघाडांची कारणं होती. त्यांच्या जागी आता माझे 'बहुतेक', 'पत्रा', 'कडक' असे तुकडे बसले होते. मी परत आले तर साहेब माझ्या खुर्चीच्या मागे हात बांधून उभे.

"संगणकाने तुम्हाला काहीतरी विचारलं असेल."

"हो सर."

"काय विचारलं?"

"वाचलं नाही सर."

"मग मी सांगतो. तो म्हणाला, शेजारी कुणीतरी राहतंय. त्याला पुसून टाकू का? आणि तुम्ही हो म्हणालात."

आवाज चढला नव्हता. शिकाऊ पोरांनाही ते अहो-जाहोच करायचे, रागातसुद्धा. दुपारपर्यंत शेजारी बसून त्यांनी ती कारणं मला पुन्हा सांगितली, बरीचशी आठवणीतून. उठताना म्हणाले, "फोडायच्या आधी शेजारी बघायचं. कुणी असेल तर मध्ये मोकळे रकाने घालून जागा करायची. मग फोडायचं." आज मी त्या विभागात बऱ्यापैकी वर आहे आणि हाताखालच्या पोरांना हेच वाक्य सांगते. पोरं हसतात. पण आधी शेजारी बघतात.

मोकळ्या जागेवर फोडलं की 'दुसरी शिफ्ट' दोन ठिकाणी जाते, म्हणून सुपरवायझरांनी ओळीत स्वल्पविराम टाकावेत असं साहेबांच्या मनात आलं. ते स्वतः प्रेस शॉपवर गेले आणि सगळ्यांना उभं करून शिकवून आले. आमचे एक सुपरवायझर तात्या, राजगुरुनगरकडचे, शेती सांभाळून कंपनी करणारे. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला. त्यात प्रत्येक शब्दानंतर स्वल्पविराम होता. 'आहे'च्या नंतरही. साहेब मोबाइल घेऊन त्यांच्याकडे गेले.

"तात्या, एवढे?"

"तुमीच म्हनला टाका म्हून. जास्ती झालं तर काढून घ्या की. कमी पडाय नको."

साहेब हसले. ते हसले की आवाज यायचा नाही, फक्त खांदे हलायचे. त्यानंतर कित्येक दिवस तात्यांचे जास्तीचे स्वल्पविराम ते स्वतः बसून काढायचे. मी काढते म्हटलं तर नको म्हणाले.

हे सगळं कागदावर आणि पडद्यावर असतं तर ठीक होतं. पण साहेब माणसांनाही तसंच ऐकायचे. कुणी तक्रार घेऊन आलं की हात वर करायचे. "थांबा. आधी पाहिलं काय ते सांगा. मग ऐकलं ते. वाटलं ते सगळ्यात शेवटी." लोक बावचळून जायचे. रागाच्या भरात आलेल्या माणसाला असं अडवलं की त्याचा निम्मा राग तिथेच सांडतो, आणि उरलेला साहेबांवर निघतो. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणायचे, "यांच्याकडे आग लागली म्हणून सांगायला गेलो तर विचारतील, धूर पाहिला की ज्वाळा?" त्यात तथ्य होतं.

माझ्यावरही एकदा ती वेळ आली. एक स्थळ जवळजवळ ठरलेलं मोडलं होतं. आईने सकाळीच सांगितलं, आणि मी तसल्याच चेहऱ्याने कामावर आले. साहेबांनी काय झालं विचारलं आणि मी सुटले. मुलाकडून नकार आला, मी प्रेसच्या कंपनीत काम करते ना म्हणून, शिवाय मी सावळी, शिवाय आईने त्यांच्यासमोर माझ्या शिफ्टबद्दल नको ते सांगितलं, आणि आता सगळ्या नात्यात चर्चा होणार.

साहेबांनी हात वर केला. "नकार आला, हे घडलं. बाकीचं कोण म्हणालं?"

"कोणी म्हणायला कशाला हवं?"

"म्हणजे कोणी म्हणालं नाही. ते रकाने तुम्ही भरलेत."

मला असा संताप आला की हातातला माउस टेबलावर आपटला. "सर, मी तुम्हाला रिपोर्ट देत नाहीये. मला वाईट वाटतंय, ते सांगतेय."

ते "माफ करा" म्हणाले आणि उठून मायक्रोमीटर तपासत बसले, जो सकाळीच तपासून झाला होता. दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी बस मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि मी खिडकीशी बसून मनातल्या मनात ते रकाने पुन्हा मांडले. खरंच, एक सोडून बाकी सगळे माझ्याच हस्ताक्षरात होते. घरी पोचेपर्यंत मला बरंच हलकं वाटत होतं. पण साहेबांवरचा राग गेला नव्हता. माणूस बरोबर असला म्हणून त्याचा राग येऊ नये असं कुठे आहे?

आणि त्यांची एक गोष्ट तर मला कधीच आवडली नाही. दुसऱ्याच्या कामात ते बोट घालायचे नाहीत. बेसिनचा नळ वाहत असला तरी ते शेजारून निघून जायचे. नळ हा ॲडमिनचा रकाना. बसचा ड्रायव्हर फोनवर बोलत गाडी चालवायचा. आम्ही सगळे ओरडायचो, साहेब पेपरमध्ये डोकं घालून बसायचे. एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, "ज्याचं त्याने बघायचं. मी सगळ्यांच्या रकान्यात लिहीत बसलो तर माझ्या रकान्यात कोण लिहिणार?" उत्तर अगदी स्वच्छ होतं. फक्त पटलं नाही.

बालाजीला त्यांच्याबद्दल असलं काही वाटायचं नाही. लातूरकडचा पोरगेला माणूस, कंत्राटी कामगार, बायको आणि लहानगी मुलगी घेऊन रहाटणीत भाड्याच्या खोलीत राहायचा. साहेबही रहाटणीतलेच, त्यामुळे बसला दोघं एकाच थांब्यावर उतरायचे. बालाजीच्या नकलांवर सगळा प्रेस शॉप जगायचा. साहेबांची नक्कल तो साहेबांसमोरच करायचा. हात वर करून म्हणायचा, "थांबा. आधी भूक लागली का ते सांगा. डबा कशाचाय ते नंतर." साहेबांचे खांदे हलायचे.

अपघात दुपारी झाला. जेवणाची सुट्टी संपून मशीन नुकती सुरू झाली होती. आमच्या केबिनपर्यंत ओरडणं ऐकू आलं आणि पाठोपाठ सगळ्या प्रेस बंद पडल्याची ती शांतता, जी त्या शेडमध्ये कधीच नसते. बालाजीचा डावा हात प्रेसमध्ये आला होता. दोन बोटं गेली.

हे कसं होऊ शकतं ते सांगायला हवं. प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा असतो. त्याला सगळे नुसतं सेन्सर म्हणतात. त्यात हात आला की प्रेस जागच्या जागी थांबतो. हा सेन्सर एका चावीने बंद करता येतो. चावी मेंटेनन्सच्या कपाटात राहायला हवी. पण आमचा पत्रा तेलकट. तेल उडून सेन्सरच्या काचेवर बसायचं आणि हात नसतानाही प्रेस अडायचा. अडला की माल मागे पडायचा. मग कधीतरी कुणीतरी चावी फिरवली आणि ती तशीच मशीनला राहिली. काम सुरळीत व्हायला लागल्यावर ती तिथे का आहे हे कुणी विचारेनासं झालं.

चौकशीची बैठक बालाजी हॉस्पिटलमधून आल्यावर ठेवली. प्रॉडक्शन मॅनेजर, एचआरचे गृहस्थ, मेंटेनन्सचा इंजिनियर, तात्या, आणि शेवटची सही करायला साहेब. मी लॅपटॉप पडद्याला जोडून बसले होते. अहवाल मॅनेजरांनी लिहूनच आणला होता. एकच वाक्य. ऑपरेटरने निष्काळजीपणे सेन्सर बंद करून डायमध्ये हात घातल्यामुळे अपघात झाला. त्या वाक्यावर सह्या झाल्या की कंत्राटदार बालाजीला घरी पाठवणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. बोटं गेलेल्या माणसाला चाकणमध्ये दुसऱ्या कुठल्या प्रेसवर कोण उभं करणार? तो भिंतीशी खुर्चीवर बसला होता. पांढऱ्या पट्टीतला हात मांडीवर, नजर जमिनीवर. नकला करणारा माणूस तो हाच, हे मला ओळखू येईना.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं नाही. मला म्हणाले, "हे वाक्य शीटवर घ्या आणि फोडा."

"साहेब, आता हे कशाला?" मॅनेजर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात कस्टमरचं ऑडिट आहे. क्लोज करून टाकू."

"फोडा," साहेब मला म्हणाले.

मी फोडलं. त्यांच्या सांगण्यावरून एकाखाली एक लिहिलं. हात आत गेला. सेन्सर बंद होता. तो ऑपरेटरने बंद केला. निष्काळजीपणे. शेजारी एक रकाना केला, कोणी पाहिलं. पहिल्यासमोर तात्यांचं नाव आलं. दुसऱ्यासमोर मेंटेनन्सच्या इंजिनियरचं, पण त्याने अपघातानंतर पाहिलं होतं. तिसऱ्यासमोर कुणीच बोलेना.

"आणि निष्काळजीपणा?" साहेबांनी विचारलं. "तो कोणाला दिसला?"

मला वाटलं, सुटला बालाजी. साहेबांचा एवढा अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता. पण ते साहेब होते. एक रकाना रिकामा दिसला म्हणजे तो त्यांना विचारावाच लागायचा. ते बालाजीकडे वळले.

"बालाजी, तुम्ही सांगा. घडलं ते आधी."

बालाजीने भडाभडा सुरुवात केली. "साहेब, काय सांगू, त्या दिवशी पोरीला ताप होता, रात्रभर झोप न्हाई, तात्या म्हणाले माल द्यायचाय, पत्रा चिकटला होता, मला वाटलं—"

साहेबांचा हात वर गेला. "वाटलं ते नंतर. चावी कोणी फिरवली होती?"

बालाजीने त्यांच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलू शकला असता. मला माहीत नाही एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं, रकाना रिकामाच राहिला असता. मी मनात म्हणत होते, म्हण ना बाबा.

"म्या फिरवली साहेब," तो म्हणाला. "रोजच फिरवायलो की. सगळेच फिरवायलेत."

मॅनेजरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "झालं. हा स्वतः सांगतोय. सही करा साहेब."

त्या क्षणी मला साहेबांचा इतका राग आला की सांगता येत नाही. एका गरीब माणसाला त्यांनी आपल्या त्या रकान्यांच्या नादापायी स्वतःच्याच तोंडाने स्वतःला खड्ड्यात ढकलायला लावलं होतं. बालाजीने डोळे मिटून घेतले होते.

साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. आणि पडद्याकडे बघतच ते मला म्हणाले, "शेजारी एक रकाना वाढवा."

"काय लिहू सर?"

"चावी लावलेली आधी कोणी पाहिली होती."

मी लिहिलं.

"त्याच्याखाली माझं नाव लिहा."

मी टाइप करायचं सोडून त्यांच्याकडे बघत राहिले.

"रोज राउंडला मी त्या प्रेससमोरून जातो," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण शब्द सावकाश येत होते. "चावी लावलेली मला दिसायची. सेफ्टी हा माझा रकाना नाही, असं म्हणून मी पुढे जायचो. हे घडलेलं सांगतोय, वाटलेलं नाही. लिहा."

"साहेब, असलं रेकॉर्डवर घ्यायचं नसतं," मॅनेजर हलक्या आवाजात म्हणाले. "तुमच्याच अंगाशी येईल."

"मग माझी सही होणार नाही."

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दिसत व्हती की सायेब. मला बी दिसत व्हती. समद्यांनाच." मी त्यांचं नाव खाली लिहिलं. मेंटेनन्सच्या इंजिनियरने मान हलवली, त्याचं लिहिलं. शेवटी एचआरचे गृहस्थ खाकरून म्हणाले, की एकदोनदा त्यांच्याही नजरेला आली असावी. मॅनेजरांनी आपलं नाव दिलं नाही. पण एवढी नावं खाली खाली लागल्यावर 'निष्काळजीपणे'च्या समोर एकट्या बालाजीचं नाव घालणं त्यांनाही जमेना.

अहवालात तो शब्द गेला नाही. बालाजीने चावी फिरवली हे मात्र गेलं, साहेबांनी ते काढू दिलं नाही. पुढच्या आठवड्यात सगळ्या प्रेसवरच्या चाव्या काढून घेतल्या. तेल सेन्सरवर उडू नये म्हणून काचेपुढे पत्र्याची एक पट्टी लावली. बाहेर काही मागवावं लागलं नाही, आमच्याच भंगारातल्या पत्र्याची केली. ती आधीच लावता आली असती, हे त्या पट्टीकडे बघताना प्रत्येकाच्या मनात यायचं आणि कुणी बोलायचं नाही. बालाजी जखम भरल्यावर आमच्या विभागात आला, मापाचं गेज लावून तयार माल तपासायच्या टेबलावर.

मार्चमध्ये साहेबांची मुदतवाढ झाली नाही. त्या अहवालामुळे असं कोणी म्हणालं नाही. मला वाटतं ते मी वेगळ्या रकान्यात ठेवते, पण ते मला ठामपणे वाटतं.

निरोप समारंभ कॅन्टीनमध्ये झाला. साहेबांच्या बायकोला प्रथमच पाहिलं. गोल चेहऱ्याच्या, गप्पिष्ट बाई. मी शेजारी बसले तर मला म्हणाल्या, "घरी पण हेच हो. भांडण सुरू झालं की म्हणायचे, आजचं आधी, जुनं नंतर. तोपर्यंत मी जुनं विसरून जायची. फार फसवलं या माणसाने." आणि पदराने तोंड झाकून हसल्या. बालाजी त्या दिवशी बोलायला उठला नाही. नक्कल कर म्हणून पोरांनी आग्रह केला, तर त्याने नुसती मान हलवली. साहेब सगळ्यांना हात मिळवत त्याच्यापर्यंत आले तेव्हा त्याने उजवा हात पुढे केला, डावा खिशात होता.

त्यानंतर वर्षभराने मी रहाटणीत त्यांच्याकडे गेले. माझं लग्न ठरलं होतं, पत्रिका द्यायची होती. बालाजी सुट्टीत गावी जाऊन आला होता आणि मी जाणार हे कळल्यावर त्याने माझ्याजवळ एक पिशवी दिली होती. एकाच थांब्यावर उतरणारा माणूस, स्वतः का देत नाहीस, असं मी विचारलं नाही.

साहेब थोडे वाळले होते. पत्रिका त्यांनी नीट वाचली, तारीख, वेळ, ठिकाण, एकेक. मग चष्मा काढून म्हणाले, "बालाजी कसे आहेत?"

"बरा आहे सर."

"मला बोल लावतात का?"

मी काहीतरी गोड बोलायला तोंड उघडलं, तर त्यांचा हात वर गेला. "तुम्हाला वाटतं ते नको. ऐकलंय ते सांगा."

ऐकलं होतं मी. एकदा गेजच्या टेबलावर, काम करता करता, कुणीही विचारलेलं नसताना तो बोलून गेला होता. आणि ज्या माणसाने स्वतःचं नाव त्या रकान्यात लिहायला लावलं, त्याच्यापासून मी काय लपवणार होते?

"तो म्हणाला, साहेबांना चावी दिसत होती, तर एखाद्या दिवशी काढून खिशात का नाही घातली?"

साहेबांनी मान हलवली, हळूहळू, पुन्हा पुन्हा. आत भांड्यांचा आवाज येत होता. "बरोबर आहे," ते म्हणाले.

मी पिशवी पुढे केली. "आणि हे त्याने दिलंय. गावची तूर आहे, यंदाची. आईकडून जात्यावर भरडून आणली. म्हणाला, साहेबांना सांगा की बाजारची डाळ खाऊ नका."

त्यांनी पिशवी घेतली, मांडीवर ठेवली, गाठ सोडून आत हात घातला. डाळ बोटांमधून सोडत बसले. मला वाटलं, आता म्हणतील, एक गोष्ट एका रकान्यात, दुसरी दुसऱ्या. मला ते ऐकायचं नव्हतं. मला रडू येत होतं, आणि मी ते येऊ दिलं.

"सर, हे दोन्ही त्याचंच आहे," मी म्हटलं.

"हो." त्यांचा आवाज बसला होता. "हे दोन्ही एकाच रकान्यात राहू द्या."

मग त्यांनी बायकोला हाक मारली, आज हीच डाळ लावायला सांगितली, आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना मी बालाजीबद्दल, लग्नाबद्दल, कंपनीबद्दल सुचेल तसं बोलत होते, आणि त्यांनी एकदाही हात वर केला नाही. वरण मात्र त्यांनी वेगळ्या वाटीतच घेतलं.